उसनी धाप

भागीरथी तांडेल हिनं मानेत तार घालून घ्यायला होकार दिला, तेव्हा तिच्या पदरात काय पडणार होतं ते आधी पाहू. पाठ टेकायला खुर्ची. खुर्चीवर ताडपत्रीची सावली. चहा, मुकादमाच्या आधी. वर्षातून एकदा मोठ्या दवाखान्यात तपासणी, घरच्या एका माणसासकट. यातलं काहीही तिनं मागितलेलं नव्हतं. कंपनीनं आपणहून दिलं होतं, आणि कंपनी आपणहून काही देऊ लागली की जरा सावरून बसावं, एवढं तिला कळत होतं. तिनं मागितलं ते एकच.

"मी 'बाहेर' म्हटलं की सगळ्यांनी बाहेर यायचं. का म्हणून विचारायचं नाही. मुकादमानं पण नाही."

मेढेखाडीच्या गोदीत ही मागणी लहान नव्हती. नवी जहाजं बांधणं जगानं जवळजवळ सोडून दिलं, त्याला तीस वर्षं होत आली होती. असलेली जहाजंच ठिगळं लावून चालवायची. रसायनांच्या टाक्या दर दोन वर्षांनी आतून खरवडायच्या, वाळूच्या माऱ्यानं गंज उडवायचा, वर रंगाचे तीन हात द्यायचे. टाकी म्हणजे तीन मजली इमारत आतून पोकळ करावी एवढी. रंगाची वाफ अशी, की उघड्या नाकानं दहा श्वास घेणारा अकराव्यासाठी शिल्लक राहील याची हमी कुणी देत नसे. म्हणून आत उतरणारा डोक्यावर टोप चढवतो. टोपाला नळी, नळी वर डेकवरच्या पंपाला. पंप बाहेरची हवा ओढतो, गाळतो आणि खाली ढकलतो. एका पंपावर सहा माणसं. सहा जणांचा श्वास एका यंत्राच्या हाती आणि ते यंत्र एका माणसाच्या. त्या माणसाला मेढेखाडीत हवाराखी म्हणतात.

बघणाऱ्याला हे काम बसून राहण्याचं वाटतं. भागीरथीचं बसणं मात्र बघण्यासारखं होतं. सकाळी ती गाळणी काढून उजेडात धरायची. करडी दिसली की बदलायची. मुकादम घाग "अजून आठवडा जाईल की" म्हणाला, तर शेजारच्या पंपाचीही बदलायची. नळीच्या टोकाशी पांढरं फडकं धरून दहा मिनिटं हवा सोडायची. फडक्यावर तेलाचा ठिपका उमटला तर त्या दिवशी पंप बंद. नळी शंभर मीटरच्या वर नाही. सातवा माणूस "दोन मिनिटांचंच काम आहे" म्हणत आला, तर त्याला ती सांगे, "सहाच ताटं मांडलीत. तू उद्या ये." आणि माणसं आत असेपर्यंत पंपाजवळून हलणं नाही. "एकोणीस वर्षांत मी किती वेळा दाबून धरलंय, त्याची नोंद कंपनीकडे नाही," असं ती मोठ्यानं म्हणायची, आणि टाकीतून आलेले बाप्ये लाजून खाडीकडे बघायचे.

तिची खरी हुशारी पंपाच्या तोंडाची होती. तोंड म्हणजे जिथून पंप हवा ओढतो ते नळीचं टोक. जहाज खाडीत एका नांगरावर उभं असायचं. भरतीचं पाणी समुद्राकडून येतं, तेव्हा जहाजाचं पुढचं टोक समुद्राकडे असतं. ओहोटी लागली की अख्खं जहाज संथपणे पाठ फिरवतं. वारा मात्र दुपारभर समुद्राचाच. जहाजाच्या मागच्या टोकाला डिझेलचं जनरेटर होतं (डिझेल जगातून गेलं असं म्हणतात, मेढेखाडीतून गेलं नव्हतं), आणि पंप नि दिवे त्याच्यावरच चालत. म्हणजे भरतीला धूर जमिनीकडे निघून जायचा, ओहोटीला तोच डेकभर लोळत पुढच्या टोकाला यायचा. साहेब लोकांनी पुढच्या टोकाला पांढरा चौकोन काढून 'पंपाचे तोंड येथे' असं रंगवून ठेवलं होतं. ज्या दिवशी रंगवलं त्या दिवशी भरती होती. भागीरथी कोळ्याची लेक. ती रंग वाचत नसे, पाणी वाचत असे. ओहोटीच्या अर्धा तास आधी दोन गडी घेऊन, नळीला जोड लावत लावत ती तोंड जनरेटरच्याही पलीकडे, थेट समुद्राच्या बाजूला नेऊन ठेवायची.

अशी बाई असताना विज्ञानाचं काय काम, असं घागनं डॉ. निरुपमा सबनीसांना विचारलंच. डॉक्टर श्वसनाच्या अभ्यासक होत्या. गोदीत आल्यावर पहिला आठवडा त्यांनी फक्त पंप मोजले. एकेचाळीस पंप. प्रत्येकाला विषारी वायूचा मापक आणि त्याला भोंगा. अडतीस भोंग्यांत चिंधीचा बोळा. कुणी घातला विचारलं, तर आधीपासूनच होता. उरलेले तीन भोंगे चोरीला गेले होते.

"सारखा वाजतो हो," घाग म्हणाला. "कुणी विडी पेटवली तरी वाजतो. कामं कधी करायची?"

"भोंग्यात बोळा घालता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "छातीत घालता येत नाही."

मग त्या भागीरथीसमोर डब्यावर बसल्या. खुर्ची अजून आलेली नव्हती.

"भागीरथीबाई, हवा कमी पडली की माणूस तडफडतो. ती कमी पडलीय हे शरीराला कळतं कसं?"

"कसं म्हणजे? जीव जातो ना."

"त्याच्या आधी. मानेत मोठी रक्तवाहिनी दुभंगते तिथं तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. रक्तात विरघळलेला प्राणवायू ती मोजत असते. कमी झाला की मेंदूला निरोप धाडते, आणि आपल्याला धाप लागते. धाप म्हणजे आजार नव्हे, निरोप. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा निरोपच जाऊ देत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. तांबड्या पेशींत प्राणवायू बसायच्या ज्या जागा असतात, त्या तो बळकावतो. प्राणवायूच्या दोनशे पट चिकट. विरघळलेला प्राणवायू मात्र होता तेवढाच राहतो. गाठीला वाटतं सगळं ठीक आहे. माणसाला धाप लागत नाही, झोप लागते."

भागीरथीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे तरीच्या होडीत फुकटे चढून बसलेत, उतरायचं नाव नाही. आणि तरवाला धक्क्यावरची रांग बघून म्हणतोय, आज धंदा जोरात."

"हेच मी माझ्या प्रबंधात चाळीस पानांत लिहिलंय."

"चाळीस लागली?"

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी आपला बेत सांगितला. भागीरथीच्या त्या गाठीतल्या थोड्या पेशी काढायच्या, काचेच्या चकतीवर वाढवायच्या, आणि त्यांच्यात बदल करून त्यांना मोनॉक्साइड ओळखायला लावायचं. चकती बसवायची पंपातून बाहेर पडणाऱ्या हवेत. तिचा निरोप बिनतारी यायचा भागीरथीच्या मानेतल्या केसाएवढ्या तारेवर, तिथून त्याच नसेवर. पेशी तिच्याच असल्यामुळे नस तो निरोप परका मानणार नाही.

"पंपाला धाप लागली की मला लागणार."

"खाली कुणाला काही व्हायच्या कितीतरी आधी."

"आणि मला लागली तर पंपाला?"

"नाही. हे एकाच बाजूनं चालतं."

"ते काय, माझ्या घरी पण तसंच आहे," भागीरथी म्हणाली.

शेवटी डॉक्टरांनी तिच्या कानामागे बसणारी एक कळ दाखवली. नस एकच आहे, त्यांनी समजावलं. तुमची स्वतःची धाप आणि पंपाची धाप एकाच वाटेनं जाणार. निरोप हलका असला तर मेंदू दोन्ही वेगळे ओळखतो. पण दिवसाला एकूण दहा मिनिटांहून जास्त मोठा निरोप गेला, तर तो पंपाचाच निरोप खरा धरील, आणि तुमचा त्याला ऐकू येईनासा होईल. कायमचा. म्हणून ही कळ. दाबली की निरोप बंद.

"मग खाली काय चाललंय ते मला कसं कळणार?"

"नाही कळणार. पण तोवर सगळे बाहेर आलेले असतील ना."

भागीरथी टाकीच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली.

त्या तारेला नाव दिलं नझीर परकारनं. नझीर तिच्या पंपावरचा सगळ्यात जुना रंगारी, वय पंचेचाळीस, तोंड पंधराचं. "सहा जणांची धाप बायनं उसनी घेतलीय," तो म्हणाला. "परत मागायची नाही रे कुणी." तेव्हापासून गोदीत सगळे उसनी धाप म्हणू लागले. डॉक्टरांच्या कागदांत होतं ते लांबलचक नाव डॉक्टरही विसरल्या.

आणि ती चालली. चौदा महिन्यांत अकरा वेळा भागीरथी खुर्चीतून उठली, छातीवर हात ठेवून "बाहेर!" म्हणाली, आणि अकराही वेळा हवेत खरोखरच विष निघालं. कुणी का म्हणून विचारलं नाही. घागनं एकदा तोंड उघडलं होतं, पण खुर्चीकडे बघून मिटलं.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोदीतली माणसं आळशी नव्हती, व्यवहारी होती. जे काम दुसरं कुणी चोख करतं ते आपण कशाला करा? गाळणी आठवड्याऐवजी महिन्यानं बदलू लागली. धाप लागली की बदलू. नळी एकशेवीस मीटरवर गेली. अधूनमधून सातवं ताट मांडलं गेलं. मापक तपासायला शहरात पाठवायचा असतो, तो कुणी पाठवला नाही. सगळ्याचं उत्तर एक: "बाय आहे ना." पंपाची निगा बंद झाली आणि बाईची सुरू झाली. तिला सर्दी होऊ नये म्हणून काढा यायचा. तिला कुणी विनोद सांगायचा नाही, असा घागचा हुकूम होता. "परवा बाय हसली," नझीर सांगायचा, "तर आम्ही सहा जण शिडीवर!"

आणि भागीरथी? एका ओहोटीला तिचा गुडघा दुखत होता आणि तोंड हलवायला लागणारे दोन गडी घागनं दुसऱ्या जहाजावर पाठवले होते. "धाप लागली तर हलवू," तो म्हणाला. लागली, थोडीशी. हलवलं. काही बिघडलं नाही. पुढच्या वेळीही नाही. एकोणीस वर्षं ओहोटीच्या अर्धा तास आधी उठणारी बाई आता ओहोटीनंतर, छातीनं सांगितल्यावर उठू लागली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या आयत्या मिळालेल्या खबरीपुढे पाण्याकडे कोण बघतं?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मोठ्या उधाणाची ओहोटी लागली. पाणी जोरात वळलं, आणि जहाज एरवी तासात फिरायचं ते पंचवीस मिनिटांत फिरलं. त्या दिवशी वाऱ्यालाही जोर होता. धूर डेकवर चालत आला नाही, कोसळला.

भागीरथीला वाटलं, कुणीतरी छातीवर गुडघा ठेवला. उसनी धाप इतकी कधी आली नव्हती. ती ओरडली. खाली सहा जणांनी ठरल्याप्रमाणे कमरेची हवेची छोटी बाटली उघडली. ती सहा मिनिटांची. वर चढून यायला पुष्कळ. पाच जण आले. सहावा नझीर. धावपळीत परांचीच्या फळ्या सरकल्या होत्या आणि त्याचा पाय घोट्यापाशी त्यांच्याखाली अडकला होता.

घागचं इथं नाव घेतलं पाहिजे. त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतः पाठीवर मोठी बाटली बांधली, दोन गडी घेतले आणि उतरला. खालून त्याचा आवाज आला, "वीस मिनिटं लागतील!"

नझीरच्या बाटलीत सहा. त्यानंतर त्याला पंपाच्याच हवेवर यावं लागणार होतं, दुसरी बाटली चढवायला टोप काढला तर रंगाची वाफ होतीच. जनरेटर बंद केलं तर पंपही बंद. नळीचे जोड लावत तोंड समुद्राच्या बाजूला न्यायचं तर अर्धा तास. भागीरथीनं मापकाकडे पाहिलं. शून्य. ते शून्य चौदा महिने जुनं होतं.

तिनं कानामागची कळ दाबली नाही. तोंडाची पंधरा मीटरची मोकळी नळी खांद्यावर घेतली आणि चालू लागली.

उजव्या कठड्याकडे दहा पावलं: छाती आवळली. वाट चुकली. मागे. मालाच्या झाकणाच्या आडोशाला: आणखी आवळली, तिथं धूर साचला होता. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण तिच्या फुप्फुसांत भरपूर हवा होती, आणि हे तिला माहीत होतं. बुडतोय असं सांगणाऱ्या शरीराला ती खोटं ठरवत नव्हती, विचारत होती. इथं? इथं? डाव्या कठड्याशी छाती किंचित सैल झाली. तिनं तोंड कठड्याबाहेर काढलं. अजून सैल. गरम धूर वर चढतो, पाण्यालगतचा वारा जहाजाच्या अंगाला घासून खालून निघून जातो. ती डेकवर पालथी पडली, कठड्याच्या गजांतून हात खांद्यापर्यंत बाहेर घातला आणि तोंड पाण्याच्या दिशेनं लोंबतं धरलं. श्वास आला.

पाच मिनिटं झाली होती.

पण जहाज अजून फिरत होतं, आणि चांगल्या हवेची ती पट्टी त्याच्याबरोबर सरकत होती. छाती आवळली की भागीरथी कठड्यालगत हातभर सरपटायची, सैल झाली की थांबायची. गळ्यातल्या फोनवर डॉक्टरांचा आवाज आला. किनाऱ्यावरच्या त्यांच्या यंत्रावर तिच्या नसेचा आलेख उमटत होता.

"भागीरथीबाई, मोठ्या निरोपाची एकूण आठ मिनिटं चाळीस सेकंद झालीत. कळ दाबा."

"नझीरची बाटली संपली?"

"केव्हाच. पण तुम्ही..."

"मग तो माझ्या हवेवर आहे."

"हवा मोजायला दुसरं काही नाही का तिथं?"

"होतं," भागीरथी म्हणाली. "त्यात आम्ही बोळा घातला."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "साडेनऊ. तुम्हाला आठवतंय ना मी काय सांगितलं होतं?"

"सगळं. आता बोलू नका मॅडम. वारा कळू द्या."

निरोपाची एकूण चौदा मिनिटं भरली. तेविसाव्या मिनिटाला घागनं नझीरला शिडीवरून वर ढकललं. टोप काढल्या काढल्या नझीर डेकवर आडवा झाला, डोकं धरून म्हणाला, "आज हवा गार सोडलीस, बाय." आणि ओकला. दोन दिवस त्याचं डोकं दुखलं. घोटा कायमचा थोडा वाकडा राहिला. बस्स.

भागीरथीला काहीच झालं नव्हतं. ती उठली, पंप बंद केला, गाळणी काढून उजेडात धरली. काळी होती.

आठवड्यानं डॉक्टरांनी तिला दवाखान्यात नेलं आणि चार मजले चढायला लावलं. त्या स्वतः दुसऱ्या मजल्यावर धापा टाकायला लागल्या. भागीरथी बोलत बोलत चढत होती, नातवाचं काहीतरी. चौथ्या मजल्यावर वळून तिनं विचारलं, "आणखी आहेत?"

तिचे ओठ जांभळे पडले होते. नखं निळी.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "ताबडतोब बसा."

"मला काहीच होत नाहीये."

"हेच तर." डॉक्टर तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "निरोप जातच नाहीये. शरीर ओरडतंय, आणि ऐकायला कुणी नाही."

भागीरथीनं आपली नखं उलटसुलट करून पाहिली. "भोंग्यात बोळा," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला. गोदीतल्या एकतीस बायकांचे अर्ज होते. बातमी पसरली होती. सगळ्यांना तार हवी होती. खुर्चीचा उल्लेख एकीनंही केला नव्हता. प्रत्येकीची अट तीच: मी 'बाहेर' म्हटलं की बाहेर.

"कंपनी आजच हो म्हणायला तयार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी काय करू?"

"त्यांना इथं आणा. मला जिना चढताना दाखवा. तोंडाकडे बघायला सांगा. मग विचारा." जरा थांबून ती म्हणाली, "आणि त्यांना सांगा, त्या दिवशी ओहोटी पंचांगात होती. मी बघितली नाही."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या पंपांवरून फिरली. संध्याकाळी डॉक्टरांच्या टेबलावर मासळीची एक टोपली आली. आत अडतीस बोळे होते. तरीही एकतीस अर्जांपैकी मागे घेतले गेले ते फक्त चार.

मेढेखाडीत त्यानंतर टाकीत कुणी जीवानिशी गेलं नाही. अहवालात हा आकडा पहिल्या पानावर असतो, आणि तो खरा आहे. नझीरनं त्या तेवीस मिनिटांत साडेचारशेच्या आसपास श्वास घेतले असतील. त्यांतल्या एकाचीही धाप त्याला लागली नाही. ती ज्या खात्यावर पडली ते अहवालात नाही. ते टेकडीवर राहतं, एकशे बारा पायऱ्या वर.

रोज संध्याकाळी भागीरथी त्या पायऱ्या चढते आणि दोन पावलं मागून लंगडत नझीर. तो तिच्या नखांकडे बघत असतो. तिला ते मुळीच आवडत नाही.

"बाय, थांब."

"आत्ता कुठं पंचवीस झाल्यात. का थांबू?"

"का म्हणून विचारायचं नाही," नझीर म्हणतो. "तूच ठरवलंयस."

मग ती बसते. थांबवण्याचा हक्क तिनं मागून घेतला होता, आणि तो तिला पुरेपूर मिळाला. गोदीतल्या कुणालाही ती कधीही थांबवू शकते. एक सोडून.